रात्रीचं जेवण रविवारीच ठरवा
संध्याकाळी दमून घरी आल्यावर ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न पडला, की हात मोबाइलकडे जातो आणि चौघांच्या जेवणाचे पाच-सहाशे रुपये सहज खर्च होतात. आठवड्याचा बेत आधी ठरलेला असेल, तर ही वेळ क्वचितच येते.

कडधान्यं हा या बेताचा कणा. पाव किलो मटकी शनिवारी रात्री भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. सोमवारपर्यंत मोड येतात आणि मटकी दुपटीहून जास्त होते. थंडीत एक दिवस आधी भिजवा. सोमवारी उसळ-भाकरी, उरलेल्या उसळीत मंगळवारी तिखट कट, वर फरसाण आणि कांदा, सोबत पाव, की झाली मिसळ. कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारीच जास्त करून फ्रीझरमध्ये ठेवलं, तर उसळ, आमटी, अंड्याची करी या सगळ्यांना पुरतं.

बुधवारी मुगाची खिचडी आणि कढी. गुरुवारी बाजारात स्वस्त असेल ती भाजी. शुक्रवारी भाजणीचं थालीपीठ किंवा पिठलं. पिठलं १५ मिनिटांत होतं, तेवढ्यात बाहेरची ऑर्डरही येत नाही.

उरलेला भात मात्र तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणूंमुळे तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

आणि भाजी निवडणं, कणीक मळणं घरातल्या सगळ्यांत वाटून घ्या. एकट्या आईवर टाकलेला बेत फार दिवस टिकत नाही.