कोरेगावचा स्तंभ आणि भीमेचे पाणी

शिरूरच्या पेठेतून पुण्यास मालाची ने-आण करणारा असा व्यापारी क्वचितच आढळेल, की ज्याने कोरेगावनजीक भीमेच्या काठचा दगडी स्तंभ पाहिलेला नाही. परंतु पाहणे निराळे आणि वाचणे निराळे. त्या दगडावरील अक्षरे आपल्या समाजाने अद्यापि पुरतेपणी वाचलेली नाहीत, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन सुमारे 800 लोकांनिशी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाला. सकाळी दुसऱ्या बाजीरावाची सुमारे 28,000 ची फौज दृष्टीस पडताच त्याने कोरेगावचा आश्रय घेतला. पेशव्यांकडील अरब, गोसावी इत्यादींची पथके गावात शिरली आणि दिवसभर घराघरांतून झुंज चालली. रात्रभरच्या मजलेने थकलेल्या शिपायांस, भीमा जवळच वाहत असता, सायंकाळपर्यंत पाणी मिळाले नाही. कंपनीकडील सुमारे 275 माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. ज्यांची घरे हेच रणांगण झाले, त्या गावकऱ्यांच्या हानीचा उल्लेख मात्र स्तंभावर नाही.

कंपनी सरकारने 1821 साली या स्तंभाचा पाया घातला. त्यावर कोरलेल्या 49 नावांपैकी 22 नावे महार शिपायांची आहेत. एवढा गौरव करणाऱ्या सरकारने पुढे 1892 च्या सुमारास याच जातीस सैन्याची दारे बंद केली! नावे दगडात राहिली. वंशजांची भाकर गेली. दगडावर कोरलेली कृतज्ञता किती स्वस्त असते, याचा याहून उघड दाखला कोणता?

कोणी म्हणेल, परक्यांसाठी लढणाऱ्यांचे कौतुक कशास? आमचा उलट प्रश्न असा, की ज्यांस गावच्या पाणवठ्यास शिवण्याची बंदी, त्यांस त्या राज्यात आपलेपणा वाटावा असे आपण काय दिले होते? 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले आणि त्याच वर्षी 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. रणांगणावरील तहान एका दिवसाची होती. गावातील तहान पिढ्यान्‌पिढ्यांची होती.

1 जानेवारी 2018 रोजी याच परिसरात दंगल उसळली. एका तरुणाचा प्राण गेला, वाहने व दुकाने जळाली. दोनशे वर्षांपूर्वीची लढाई नव्याने लढून कोणाचेही भले झाले नाही. नुकसान मात्र शेजाऱ्यांचेच झाले.

म्हणून शिरूर-दौंडच्या सुज्ञ नागरिकांस आमचे सांगणे इतकेच, की दर 1 जानेवारीस येणाऱ्या लक्षावधी लोकांस पाहुणे माना. दुकाने मिटून घेण्याऐवजी उंबऱ्याबाहेर पाण्याचे रांजण भरून ठेवा आणि आपल्या हाताने पाणी द्या. कोरेगावाखालून वाहणारी हीच भीमा पुढे दौंडास जाते. वाटेत ती कोणाची जात विचारीत नाही.