वर्गणी, पावती आणि विश्वास

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे शाळकरी पोरही सांगेल. त्या प्रवासामागचा जमाखर्च मात्र फारसा कुणी सांगत नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी वर्गणी दिली. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या उत्पन्नातून ते देणे फेडले. पदकाइतकीच ही परतफेड मला मोलाची वाटते. बँकेत हयात गेलेल्या माणसाची नजर, दुसरे काय!

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरते, हलके धान घरात येते, मंडया भरू लागतात. साकोली असो की पवनी, शाळेच्या कबड्डी-खोखोच्या संघासाठी वर्गणी मागायला हेच दिवस बरे. कुणी शंभर रुपये देतो, कुणी पायलीभर धान. गुरुजी, माजी विद्यार्थी, दुकानदार सारे फुकट राबतात. खर्च तरी कसले? बनियन, मैदान आखायची फक्की, एसटीचे भाडे, मुलांचे जेवण.

अडते ते पुढे. पैसा एकाच्या खिशात असतो. माणूस सचोटीचा, पण पावती नाही, वही नाही. दोन वर्षांत पारावर कुजबुज सुरू होते, तिसऱ्या वर्षी दारे बंद होतात. मग संघातून पहिली गळते ती भाड्याचे पैसे नसलेल्या घरची मुलगी.

१९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा नोंदलेल्या मंडळावर हिशेबाची जबाबदारी टाकतोच. पण नोंदणी नसली तरी चार गोष्टी कुणालाही जमतील. पावतीपुस्तकाला क्रमांक असावेत आणि स्थळप्रत जपावी. खाते मंडळाच्या नावे, दोघांच्या सहीचे असावे. रोजकीर्द त्याच दिवशी लिहून हातशिल्लक दुसऱ्याने मोजावी. धान आले तर माप लिहावे, आणि विकून आलेली रक्कमही.

हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे, असा आपल्याकडे गैरसमज आहे. खरे तर वही सर्वांत आधी राखते ती खजिनदाराची अब्रू.

२६ जानेवारीला झेंडावंदनासाठी गाव शाळेत जमतोच. भाषण एक कमी करावे आणि जमा, खर्च, शिल्लक हे तीन आकडे मुलांसमोर मोठ्याने वाचावेत. कबड्डीचे गुण जसे सर्वांदेखत फळ्यावर लिहितात, तसेच हेही.