ठिपका डोळ्यातला की कॅमेऱ्यातला?

नेत्रचिकित्सेच्या व्यवसायात आजवर पुष्कळ निदाने केली; परंतु रुग्णाऐवजी कॅमेऱ्याचे निदान करण्याचा प्रसंग गेल्या वर्षी प्रथमच आला. तो आपल्या व्यवसायबंधूंना उपयोगी पडेल, आणि छायाचित्रणाची आवड असणाऱ्या इतर वाचकांनाही त्यात काही सापडेल, या आशेने येथे नोंदवीत आहे.

माझ्याकडे सेवानिवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई आल्या. मधुमेह बारा वर्षांचा. एका तपासणी शिबिरात त्यांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे काढली होती आणि उजव्या डोळ्यात एक गडद तांबूस ठिपका आढळल्याने ‘मधुमेहाची सुरुवात डोळ्यांत झाली असावी’ असे सांगण्यात आले होते. पंधरा दिवस त्यांना नीट झोप नव्हती. “डॉक्टरसाहेब, पोथी वाचता येईल तोवर तरी नजर राहील ना?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

बाहुली मोठी करून दोन्ही डोळे तपासले. ठिपका कोठेच नव्हता. केशवाहिन्यांना येणारे सूक्ष्म फुगे कधी कधी नाहीसेही होतात, तेव्हा एवढ्यावर निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. मग दोन्ही डोळ्यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली आणि उलगडा होऊ लागला. उजव्या डोळ्याच्या चित्रात ठिपका नेत्रबिंब आणि पीतबिंदू यांच्या मधोमध होता. डाव्या डोळ्याच्या चित्रातही तो होता. मात्र पीतबिंदूच्या बाहेरच्या अंगाला, एका रक्तवाहिनीवर पडल्याने कोणाच्या नजरेस आला नव्हता. दोन्ही डोळ्यांची रचना आरशातील प्रतिबिंबासारखी उलट असते. ठिपक्याने मात्र चौकटीतील आपली जागा केसभरही सोडलेली नव्हती. रोग शरीररचनेला धरून असतो, चौकटीला धरून नसतो. तेव्हा संशय कॅमेऱ्यावर गेला.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारे लक्षावधी सूक्ष्म घटक असतात. बारा मेगापिक्सेल म्हणजे असे सुमारे एक कोटी वीस लाख. या घटकांना स्वतःला रंग कळत नाही. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसविलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या 1976 च्या पेटंटातील या मांडणीत हिरव्या गाळण्या इतरांच्या दुप्पट असतात. प्रत्येक जागी न मोजलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरून काढले जातात. त्यामुळे एक घटक बिघडला तरी चित्रात डाग एका बिंदूपुरता न राहता आजूबाजूस थोडा पसरतो.

बिघडलेले घटक मुख्यतः तीन प्रकारचे. ‘डेड’ पिक्सेल प्रकाशाला प्रतिसादच देत नाही. तो कायम काळा. ‘स्टक’ पिक्सेल एकाच मूल्यावर अडकून बसतो. ‘हॉट’ पिक्सेल एरवी शहाण्यासारखा वागतो. पण त्यातून प्रकाशाविनाच विद्युतभार गळत असल्याने उद्भासन लांबले किंवा सेन्सर तापला की तो तेजस्वी ठिपका बनून चमकतो. ही गळती तापमान साधारण सहा ते आठ अंशांनी वाढले की दुप्पट होते. हिवाळ्यातील चित्र स्वच्छ आणि मे महिन्यातील डागाळलेले, याचे कारण हेच असू शकते.

आता विभेदक निदान. ठिपका संगणकाच्या पडद्याचा असेल, तर चित्र सरकविले तरी तो पडद्यावर जागच्या जागी राहतो. सेन्सरवरील धुळीचा डाग मोठा व अस्पष्ट कडांचा असतो, लेन्सचे छिद्र लहान केले की ठळक होतो आणि फुंकणीने साफ केल्यावर हलतो किंवा जातो. एकाच चित्रात दिसून पुढच्यात नाहीसा होणारा तेजस्वी बिंदू बहुधा वैश्विक किरणाचा आघात असतो. दोषी पिक्सेल मात्र प्रत्येक चित्रात त्याच जागी सापडतो.

तपासणीची रीत सोपी आहे. हॉट व स्टक पिक्सेलसाठी लेन्सवर झाकण घालावे, कॅमेऱ्यातील दोषनिवारणाची सोय बंद करावी, शक्य असल्यास रॉ स्वरूपात चित्र घ्यावे आणि 1/60 सेकंद, 1 सेकंद व 30 सेकंद अशी उद्भासने घ्यावीत. डेड पिक्सेलसाठी पांढऱ्या कागदाचे, मुद्दाम फोकस बिघडवून, चित्र घ्यावे. प्रत्येक चित्र पूर्ण आकारात पाहून ठिपक्यांच्या जागा ताडून पाहाव्यात.

उपचारही आहेत. अनेक कॅमेऱ्यांत ‘पिक्सेल मॅपिंग’ची सोय असते, दोषी घटकाची नोंद होते व त्याच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी भरली जाते. आपल्या डिजिटल क्ष-किरण यंत्रांतही दोषी घटकांचा असाच नकाशा ठेवलेला असतो. हबल दुर्बिणीची तऱ्हा आणखी गमतीची: उणे 80 अंशांच्या आसपास ठेवलेले तिचे काही सेन्सर ठरावीक काळाने मुद्दाम ऊबदार केले जातात, आणि त्यामुळे बरेच हॉट पिक्सेल बरे होतात!

शिबिराच्या आयोजकांना मी पांढऱ्या कागदाचे चित्र घेण्याची विनंती केली. फुंकणी फिरवूनही ठिपका त्याच जागी राहिला. हिरव्या गाळणीखालचे काही शेजारी घटक मेलेले होते. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. म्हणूनच रक्ताचा ठिपका चित्रातील हिरव्या भागात काळा दिसतो. मेलेल्या हिरव्या घटकांनी नेमके तेच सोंग वठविले होते. आयोजकांनी दोष मान्य केला आणि त्या कॅमेऱ्याने काढलेली सर्व चित्रे पुन्हा तपासली.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. कॅमेऱ्यातील ठिपका म्हणून खरा ठिपका नजरेआड होणे हे याहून घातक आहे. म्हणून दोषाचा आरोप पुराव्याशिवाय कॅमेऱ्यावरही करू नये. प्रत्येक शिबिराच्या आरंभी एक पांढरे व एक झाकणबंद चित्र घेऊन जपून ठेवावे. मिनिटाभराचे काम आहे.

बाईंना मी दोन्ही चित्रे दाखवून सारे समजावले. त्यांनी शिक्षिकेच्या काटेकोरपणे ठिपक्याचे अंतर पट्टीने मोजून पाहिले आणि मगच विश्वास ठेवला. मधुमेह आहेच, तेव्हा दर वर्षी डोळे तपासण्यास येण्याचे त्यांनी कबूल केले आहे.