थंडीतील गळ आणि नदीचे डोह

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव तेथील निद्रिस्त हनुमानाच्या देवस्थानामुळे विदर्भातही घरोघरी परिचित आहे. नागपूरहून साधारणतः सत्तर किलोमीटरचा प्रवास करून येणारे भाविक दर्शन घेऊन परततात. जाम नदीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हीच नदी पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे वर्षातून एकदा वृत्तपत्रांत झळकते आणि पुढे कन्हानेस जाऊन मिळते. कार्तिक सरला की तिचे गढूळपण ओसरते, धार बारीक होते, आणि पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे भरलेले उरतात. देवस्थानाचा परिसर सोडून थोडे वर वा खाली गेल्यास अशा डोहांच्या काठी एखादा वृद्ध भोई किंवा शाळेला सुट्टी असलेली दोन मुले बांबूची काठी धरून बसलेली दिसतात. सन २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. काठावरच्या या दृश्यात मात्र त्यामुळे काही फरक पडलेला नाही.

मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीस बंद असलेला काळ होय. या दोन महिन्यांत माशांची वीण होते, म्हणून नदीनियमांनी त्यांना अभय दिलेले आहे. कागदोपत्री हंगाम १६ ऑगस्टला उघडतो. परंतु त्या वेळी नदी दुथडी भरून वाहत असते, पाण्यात वीतभर खालचे दिसत नाही, आणि काठावर बसून गळ टाकणाऱ्याच्या हाती ओल्या चिखलाखेरीज काही लागत नाही. त्याचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो तो दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर. आणि नेमकी त्याच वेळी थंडी पडू लागते. हंगामाचा आरंभ आणि माशाची मंदावलेली भूक हे दोन्ही असे एकाच सुमारास येतात.

माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर उतरते व चढते. पाणी दहा अंशांनी थंड झाले, तर त्याच्या शरीरातील व्यवहार ढोबळमानाने निम्म्यावर येतात. रोहू, कटला, मृगळ हे आपले मासे पंचवीस ते तीस अंशांच्या पाण्यात उत्तम वाढतात. वीस अंशांखाली त्यांची भूक उतरू लागते आणि पंधराच्या आसपास ते जवळजवळ उपवासच धरतात. श्वासाची अडचण हे त्याचे कारण नव्हे. थंड पाण्यात प्राणवायू उलट अधिक विरघळतो. पंधरा अंशांच्या पाण्यात लिटरमागे तो सुमारे दहा मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांत साडेसातच. मासा स्वस्थ असतो. त्याला फक्त खाण्याची निकड राहत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. अशा लाटेनंतर दोन-तीन दिवस तरंडा हलेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

येथे एका प्रचलित समजुतीचे निराकरण करणे अगत्याचे आहे. थंडीत तळाचे पाणी उबदार असते, असे अनेकजण ठामपणे सांगतात. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागात, जेथे तळी गोठतात व लोक बर्फाला भोके पाडून मासे धरतात, तेथे ते खरे आहे. चार अंशांचे पाणी सर्वांत जड, म्हणून ते तळाशी बसते व त्याहून थंड पाणी वर राहून गोठते. आपल्याकडील नदीचे पाणी चार अंशांपर्यंत कधी उतरतच नाही. रात्री वरचे पाणी गार होऊन खाली जाते आणि डोह ढवळला जातो. खोल पाण्याचा गुण हा की ते सावकाश निवते व सावकाश तापते. उथळ पाण्यातील चढउतार टाळण्यासाठी मासा खोलात शिरतो. याला अपवाद झऱ्यांचा. पौषातल्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे; तेच भूजल जेथे नदीच्या तळातून वा दरडीतून पाझरते, तेथे मासे हमखास जमतात.

प्रस्तुत लेखकाने उमेदीच्या वयात अनेक पहाटा कुडकुडत वाया घालविल्या आहेत. मासेमारी म्हटली की झुंजुमुंजू व्हायच्या आत काठ गाठायचा, असे कुठेतरी वाचलेले डोक्यात होते. शेवटी शेजारी जाळे वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्याला दया आली. तो म्हणाला, “सायब, ऊन तापल्याबिगर मासा तोंड उघडत नाही. दुपारच्याले या.” त्या एका वाक्यात सारे शास्त्र आले. डिसेंबर-जानेवारीत अकरा ते चार हीच वेळ खरी. सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने डोहाचा उत्तरेकडील व पूर्वेकडील काठ दुपारी अधिक तापतो. त्या काठाला उघडा खडक असेल, तर त्यालगतचे पाणी दोन अंशांनी जरी उबदार झाले तरी खोलातला मासा तेवढ्यासाठी कडेला येतो. दक्षिण काठावरील झाडांच्या सावलीत बसणे आपल्याला सुखाचे, पण गळ टाकायचा तो समोरच्या उन्हात.

साहित्य हलके हवे. गारठलेला मासा आमिषावर झडप घालीत नाही. ते ओठात घेऊन नुसता थबकतो. जाड दोर व मोठा तरंडा असल्यास हा स्पर्श कळतच नाही. बारीक तंगूस, लहान गळ, बोरूच्या किंवा मोरपिसाच्या दांडीचा तरंडा आणि त्याला जेमतेम उभा ठेवील एवढीच शिशाची गोळी पुरे. आमिष तळाला टेकेल असे सोडावे. कणकेच्या गोळीपेक्षा गांडुळाचा तुकडा या दिवसांत सरस ठरतो. शेंगदाण्याची पेंड मुठीमुठीने फेकण्याची पावसाळ्यानंतरची सवय मात्र आवरावी; न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि थोडकी भूक असलेला मासा तेवढ्यानेच तृप्त होतो. मरळ हवेतून श्वास घेण्यास अधूनमधून वर येते, तेव्हा ती दिसते, पण गळाला लागणे अवघड.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींत ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मासे कोणते, त्यांना आमिष कोणते, गळ व दोर कसा असावा, याचे त्यात तपशीलवार विवेचन आढळते.

परंतु ज्या कारणाने गळवाल्यास थंडीत चिकाटी धरावी लागते, त्याच कारणाने थंडीतला डोह लुटण्यास अत्यंत सोपा असतो. मासे एकवटलेले, सुस्त, आणि वर-खाली निसटण्यास वाट नाही. अशा पाण्यात ब्लीचिंग पावडर ओतली, सुरुंगाची कांडी टाकली किंवा विजेच्या तारेचा आकडा सोडला, की अर्ध्या तासात डोह रिकामा. यात बोटभर पिल्लू जाते, तसाच पुढल्या आषाढात वीण करणारा जोडाही जातो. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी धरते. तीन किलोची एक मादी पौषात मेली, तर नदीचे काय गेले याचा हिशेब वाचकांनीच करावा. माशांबरोबर त्यांचे खाद्य असलेले किडे व शंख-शिंपले नष्ट होतात, आणि विषारी पाणी खाली गुरांच्या तोंडी जाते. सुरुंग व विष यांना १८९७ च्या भारतीय मत्स्यक्षेत्र अधिनियमानेच बंदी घातलेली आहे. तरीही हे प्रकार घडतात, कारण थंडीत रात्री नदीवर कोणी फिरकत नाही. नुकसान सोसतो तो ढीमर, भोई, केवट समाजातील मासेमार. फाल्गुनात त्याचे जाळे रिकामे निघते. दुपारभर काठावर बसणारा गळवाला हा अशा डोहाचा बिनपगारी राखणदारही ठरतो. संशयास्पद काही दिसल्यास त्याने पोलीस पाटील वा कोटवारास, तसेच मत्स्यविभागाच्या जवळच्या कार्यालयास कळवावे.

तलावावर जावयाचे असल्यास तो बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. तिची अनुमती आधी घ्यावी. लहान मासा सोडावयाचा तर हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी धरते.

जानेवारीच्या अखेरीस काठालगतच्या पाणवनस्पतींत खळबळ दिसू लागली, तर तो बहुधा सायप्रिनस असतो. हा परदेशी मासा पावसाची वाट पाहत नाही. थंडी जरा ओसरताच, जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, तो उथळ पाण्यात येऊन वनस्पतींना चिकटणारी अंडी घालतो. त्या जागी पाण्यात उतरून गवत तुडवू नये. गळ चार हात पलीकडे टाकावा. महाशिवरात्र उलटली की रोहू-मृगळही सकाळी आठालाच आमिष घेऊ लागतात, आणि दुपारची ती उबदार जागा सोडून सावलीचा काठ शोधावा लागतो.