खायचे दात, दाखवायचे दात

‘हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे’ ही म्हण आपण ढोंगी माणसाला उद्देशून वापरतो. परंतु ती शब्दशः घेतली, तर एका अभ्यासशाखेचे सूत्रच तीत सापडते. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेली वानरे आणि मानवसदृश प्राणी काय खात होते, हे त्यांच्या दातांवरून ठरविणारी ही शाखा होय. दाताचा आकार पाहून तो प्राणी काय खाऊ शकला असता, एवढेच कळते. त्याने प्रत्यक्षात काय खाल्ले, हे दाताची झीज सांगते.

बैल विकत घेताना आपल्याकडचा शेतकरी आधी त्याचे तोंड उघडून पाहतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे शब्द दात पाहून वय सांगणारे आहेत. संशोधक त्याच्या एक पाऊल पुढे जातो. दातावरचे एनॅमलचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. मोडलेले हाड सांधते, पण एनॅमल एकदा तयार झाले की पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे त्यावर उमटलेली खूण पुसली जात नाही. फार तर नव्या झिजेने घासली जाते. शरीर मातीत मिसळले तरी दात टिकतात, ते याच कणखरपणामुळे.

ही झीज होते कशी? कठीण बी किंवा कवच फोडताना दाढेवर बारीक खड्डे पडतात. पाला आणि गवत चघळताना ओरखडे उठतात. दंतवैद्य कवळीसाठी माप घेतात तसाच जीवाश्म दाताचा ठसा घेऊन त्याची प्रतिकृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मग ज्यांचा आहार आपल्याला ठाऊक आहे अशा आजच्या माकडांच्या दातांशी ती ताडून पाहतात.

अन्नाबरोबर पोटात जाणारी धूळ आणि कचही दात झिजविते. माझ्या आजीच्या दाढा पार सपाट झाल्या आहेत. ती म्हणते, “जात्याचं पीठ होतं बाबा, कच असायचीच. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण तर गुरांनाच घालायचो.” म्हणजे दात केवळ अन्नाचीच नव्हे, तर ते दळण्याच्या रीतीचीही नोंद ठेवतात.

आता या शास्त्रातील एक गाजलेले उदाहरण पाहू. १९५९ साली टांझानियातील ओल्डुवाई येथे मेरी लीकी यांना सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली. या मानवसदृश प्राण्याला आज ‘पॅरान्थ्रोपस बोइसेई’ म्हणतात. प्रचंड दाढा आणि भक्कम जबडा पाहून त्याला ‘नटक्रॅकर मॅन’ असे नाव पडले; आपल्या भाषेत अडकित्ताच! कठीण फळे फोडून खाणारा प्राणी म्हणून तो पुस्तकांत रूढ झाला. परंतु २००८ साली अंगर, ग्राइन आणि टीफर्ड यांनी त्याच्या दाढांची सूक्ष्म झीज तपासली, तेव्हा खड्डे जवळजवळ नव्हतेच. होते ते बारीक ओरखडे. पुढे २०११ साली त्याच्या एनॅमलमधील कार्बनचे पृथक्करण झाले. त्याच्या आहाराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग गवत किंवा लव्हाळे अशा वनस्पतींचा होता, असे त्यातून दिसले. ज्वारी, बाजरी आणि ऊस कार्बनच्या बाबतीत याच गटात मोडतात. दाखवायचे दात अडकित्त्याचे, खायचे मात्र गवताचे!

आपल्या शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या ‘शिवपिथेकस’ या वानराचीही तीच गोष्ट. जाड एनॅमलमुळे ते कठीण पदार्थ खात असावे असा तर्क होता. १९८४ साली टीफर्ड आणि वॉकर यांना त्याची झीज फळे खाणाऱ्या चिंपांझीसारखी आढळली.

अर्थात या साक्षीला मर्यादा आहेत. सूक्ष्म ओरखडे नव्या अन्नाने सतत घासले जातात; म्हणून ते मृत्यूपूर्वीच्या काही दिवसांचे किंवा आठवड्यांचेच खाणे सांगतात. आयुष्यभराची हकिगत कळण्यासाठी दाढ एकंदर किती झिजली, कीड किती आणि कवचात कार्बन कोणता, हे सारे एकत्र वाचावे लागते.

अशा वाचनाचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. मात्र ते वानरांचे नव्हे, माणसांचे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांची नावे या कामाशी निगडित आहेत. गाव घोड नदीकाठी. घोड भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला चंद्रभागा होते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे जव पिकविणारी, गुरे पाळणारी आणि हरणांची शिकार करणारी माणसे राहिली. मृत बालकांना ती दोन कुंभांच्या तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. त्या बालकांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. दुधाच्या दातांचे कवच आईच्या पोटातच घडू लागते. उपासमार किंवा आजारपण आले की त्यात खाच अथवा खळगा राहतो. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बालकाच्या इवल्याशा दातात त्याच्या आईचीही आबाळ नोंदलेली असू शकते.

इतिहासाच्या तासाला आपण राजांच्या सनावळ्या पाठ करतो, कारण त्यांचे शिलालेख आणि ताम्रपट आहेत. आमच्यासारख्या ज्यांच्या घरातील पहिलीच पिढी आज महाविद्यालयात आली आहे, त्यांच्या पूर्वजांचे शिलालेख कोठून सापडणार? इनामगावच्या त्या आईला तर लिपीच ठाऊक नव्हती. तिने काय पिकविले हे तिच्या घरातील जळक्या दाण्यांनी सांगितले. पण ते तिच्या पोटाला पुरले की नाही, हे विचारायचे झाले तर तिच्या लेकराच्या दातालाच विचारावे लागते.