संगणकाचे वैद्य आणि त्यांच्या पदव्या

घरातले इंटरनेट तासभर बंद पडले म्हणजे कुटुंबातल्या प्रत्येकाचा खरा स्वभाव बाहेर येतो. घरून कचेरीचे काम करणारे चिरंजीव येरझाऱ्या घालू लागतात, सूनबाईंची परदेशी साहेबांशी चाललेली बैठक मध्येच गोठते, आणि नातवंडे तर आभाळ कोसळल्यासारखा चेहरा करून बसतात. मग फोनाफोनी होते. खांद्याला पिशवी अडकवलेला एक विशी-बाविशीचा मुलगा दारात उभा राहतो, भिंतीवरच्या पेटीचे लुकलुकणारे दिवे पाहतो, एक वायर उपटतो, तिचे टोक कापून पुन्हा बसवतो, आणि पाच मिनिटांत घर माणसांत येते. आपण त्याला पाणी विचारतो, क्वचित चहाही विचारतो; पण 'बाळा, तू हे कुठे शिकलास?' असे सहसा कोणी विचारीत नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. संगणकाशी माझा संबंध गुण भरण्यापुरता. तरीही निकालाचे दिवस आले की ओळखीचे पालक येतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "सर, मुलाला हार्डवेअर-नेटवर्किंगला घालावं म्हणतो. क्लासवाले लाखाच्या आसपास मागताहेत. घालू का?" लाख रुपये म्हणजे मध्यमवर्गीय घरात कोणाच्या तरी भविष्यनिर्वाह निधीचा तुकडा असतो. तेव्हा 'घाला' किंवा 'घालू नका' असे म्हणून मोकळे होणे मला बरे वाटेना. म्हणून या धंद्यातल्या मंडळींना गाठले, पुस्तके चाळली, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट ही, की अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत केली जाते. क्लास शिकवतो. प्रमाणपत्राची परीक्षा मात्र घेते ती सिस्को, मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट यांसारखी कंपनी किंवा कॉम्पटिया ही अमेरिकन संस्था. ही परीक्षा तिऱ्हाईताच्या केंद्रात, ओळखपत्र तपासून, संगणकासमोर बसून द्यायची असते. तिला बसण्यासाठी कोणत्याही क्लासचा दाखला लागत नाही. घरी अभ्यास करून थेट बसता येते. क्लास संपताना जो सोनेरी काठाचा कागद मिळतो तो त्या क्लासचा असतो. तो चौकटीत शोभतो खरा, पण कंपनीतला माणूस विचारतो तो दुसराच कागद.

या दुसऱ्या कागदाची परंपरा फार जुनी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉव्हेल कंपनीची नेटवेअर नावाची प्रणाली कचेऱ्याकचेऱ्यांत बसू लागली. ती सांभाळणारी माणसे मिळेनात, म्हणून कंपनीने स्वतःच परीक्षा घेऊन लोकांना पदव्या देण्यास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने १९९० च्या दशकात हाच कित्ता गिरवला, आणि तिची एमसीएसई ही पदवी आपल्या मुंबई-पुण्यातही घराघरांत पोहोचली. त्या काळी पंचवीस-तीस हजार रुपये भरून एमसीएसई होणारे तरुण पुष्कळांना आठवत असतील. पण मौज अशी झाली, की प्रश्न पाठ करून उत्तीर्ण होणाऱ्यांचे पीक आले. प्रत्यक्ष सर्व्हरसमोर उभे केले की यांचे हातपाय गळायचे. इंग्रजीत त्यांना 'पेपर एमसीएसई', म्हणजे कागदी एमसीएसई, असे नावच पडले. पुढे ३१ जानेवारी २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने ती पदवी देणेच बंद केले.

ही घोकंपट्टी आम्हा मास्तरांना नवी नाही. गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर आमच्या विद्यापीठांचा संसार चालला आहे! या धंद्यात अपेक्षित प्रश्नसंचाला 'डम्प' म्हणतात. मात्र इथे शिक्षा कडक आहे. चोरलेले प्रश्न वापरल्याचे सिद्ध झाले तर प्रमाणपत्र रद्द होते. एखादा क्लास 'आम्ही डम्प देऊ' असे आमिष दाखवू लागला, तर तिथून उठून यावे हे उत्तम.

याउलट काही परीक्षा अशा आहेत, की त्यांत पाठांतराला जागाच नाही. आपल्या जुन्या टंकलेखनाच्या परीक्षा आठवा. मिनिटाला ३० किंवा ४० शब्द बोटांनी काढून दाखवावे लागत. टंकलेखन या विषयावर निबंध लिहून कोणी उत्तीर्ण होत नसे. रेड हॅटच्या परीक्षा या जातीच्या आहेत. समोर चालू संगणक, हातात कामांची यादी, आणि पर्यायी उत्तरांचे चौकोन नाहीत. केलेली व्यवस्था संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकली पाहिजे; नाही टिकली तर गुण गेले. सिस्कोची सर्वांत वरची सीसीआयई ही परीक्षा १९९३ साली सुरू झाली. आरंभी तिची प्रात्यक्षिके दोन दिवस चालत, हल्ली आठ तासांत आटोपतात. तिचे क्रमांक एकपासून नव्हे तर १०२४ पासून सुरू होतात, कारण दोनाचा दहावा घात १०२४, आणि संगणकवाल्यांना दोनाच्या घातांचे भारी प्रेम. तो पहिला क्रमांकही कोणा माणसाला न देता प्रयोगशाळेलाच देण्यात आला!

नवख्याने अर्थात तिथून सुरुवात करायची नसते. पहिली पायरी कॉम्पटियाची ए प्लस. ती १९९३ पासून आहे, दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटांचे. संगणक उघडणे, जोडणे, बिघाड ओळखणे हा तिचा विषय. त्यानंतर जाळ्याकडे वळणाऱ्याने त्याच संस्थेची नेटवर्क प्लस किंवा सिस्कोची सीसीएनए द्यावी. सीसीएनए १९९८ साली निघाली. २०२० पासून तिचा एकच १२० मिनिटांचा पेपर आहे. अनुभवी लोकांचे मत असे पडले, की जाळ्याचीच नोकरी करायची असेल तर सीसीएनएला वजन अधिक.

आता या मुलांना शिकवतात तरी काय? साधी वायर घ्या. निळ्या-करड्या आवरणाच्या त्या वायरीत आठ तारा असतात आणि त्या दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. शेजारच्या तारेची गडबड आपल्या तारेत शिरू नये म्हणून ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ साली काढली. टोकाला प्लास्टिकची टोपी बसवताना आठ तारा ठरलेल्या रंगक्रमाने लावाव्या लागतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी का घुसली, असे कोणालाही वाटेल. एखादा हौशी कारागीर हिरव्या शेजारी शेजारी ठेवून दोन्ही टोके सारखी बसवतो. साध्या तपासणी यंत्राचे आठही दिवे लागतात, कारागीर पैसे घेऊन जातो, आणि घरमालक महिनोन्महिने 'नेट स्लो आहे' म्हणून कंपनीला शिव्या देत बसतो. कारण संदेश नेणारी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी जाते. तिथे पिळातल्या सख्ख्या बहिणी न बसता परक्या दोघी बसल्या, की पिळाचा उपयोग संपला. वायर आखूड असेल तर हे खपून जाते. लांब असली की कळते. शिकलेला आणि न शिकलेला यांतला फरक हा असा आहे.

किंवा पत्त्यांचे गणित घ्या. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. समजा, एका सोसायटीला २५६ पत्त्यांचा गठ्ठा मिळाला आणि तो चार विंगांत वाटायचा आहे. प्रत्येकीला ६४ आले. पण राहायला जागा मिळतात ६२ च. पहिला पत्ता विंगेच्या नावासाठी राखीव आणि शेवटचा साऱ्या विंगेला एकदम हाक मारण्यासाठी. हे विभाजन सीसीएनएच्या मुलाला कागदावर भराभर करता आले पाहिजे. आठवीचे गणित नीट आलेल्याला यात अवघड काही नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडली ती ए प्लसमधली बिघाड शोधण्याची रीत. आधी तक्रार नीट ऐकून घ्यायची, शेवटचा बदल काय केला ते विचारायचे. मग कारणाचा तर्क, तर्काची पडताळणी, उपायाची आखणी, सारे पूर्ववत चालते ना याची खात्री, आणि शेवटी काय केले ते लिहून ठेवणे. जुने वैद्यबुवा नाडी धरण्यापूर्वी 'काल काय खाल्लंत?' असे विचारीत, ते उगाच नव्हे. लिहून ठेवण्याचा कंटाळा मात्र आपल्या मुलांना फार, अशी एका अनुभवी व्यवस्थापकाची तक्रार ऐकली. मराठीच्या तासाला निबंधाचे महत्त्व सांगताना मी आता हे उदाहरण देतो.

खर्चाकडे वळू. सीसीएनएच्या परीक्षेचे शुल्क ३०० डॉलरच्या घरात आहे, करवेगळे. नापास झाल्यास ते पुन्हा भरावे लागते. शिवाय ही प्रमाणपत्रे जन्मभर टिकत नाहीत. ए प्लस २०११ पूर्वी कायमचे होते, आता तीन वर्षांचे आहे. सीसीएनएही तीन वर्षांचे. वीस वर्षांपूर्वीच्या पदवीवर आजही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून थोडे ओशाळल्यासारखे झाले!

क्लासला पर्यायही आहेत. सरकारी आयटीआयमध्ये कोपा हा एक वर्षाचा संगणक अभ्यासक्रम आहे, आणि हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचाही आहे. शुल्क खाजगी क्लासच्या मानाने फारच थोडे. केंद्र सरकारची नीलिट ही संस्था, जिला २०११ पूर्वी डोएक म्हणत, हार्डवेअरचे अभ्यासक्रम चालवते. छत्रपती संभाजीनगरला तिचे केंद्र आहे. पदवीधर अभियंत्यांसाठी पुण्याचे सी-डॅक आहे. एमएस-सीआयटी मात्र यात धरू नये. ती संगणक-साक्षरता झाली. तिच्यावर दुरुस्तीची नोकरी मागणे म्हणजे सायकल येते म्हणून मोटार-मेकॅनिकची जागा मागणे. घरबसल्या सरावासाठी सिस्कोचा पॅकेट ट्रेसर हा खोटे जाळे उभारण्याचा कार्यक्रम फुकट मिळतो. आणि ज्याला लोखंड हाताळायचे आहे त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एक चक्कर मारावी. जुने स्विच, वायर, पक्कड असा संसार थोडक्यात जमतो.

मुलींबद्दल एक शब्द. "तिला कुठे खांबावर चढायला लावता?" असे एक आजोबा मला म्हणाले. खांबावर चढणे हा या धंद्याचा लहानसा भाग. जाळे सांभाळणारा दिवसाचा बहुतेक वेळ पडद्यासमोर असतो. सिस्को कंपनी १९८४ साली जी दोघांनी स्थापन केली त्यांत सँडी लर्नर ही बाई होती. आणि जाळ्यात संदेश गोल गोल फिरत राहून ते कोलमडू नये, यासाठी जी पद्धत सीसीएनएची सारी मुले शिकतात, ती राडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास शोधली.

राहता राहिली '१०० टक्के नोकरी'ची हमी. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशा हमीवर मुलासाठी कर्ज काढले. क्लासने नोकरी दाखवली ती खरी, पण ती होती रात्रपाळीला ग्राहकांच्या तक्रारी फोनवर टिपून घेण्याची, परगावी, आणि पगार खोलीच्या भाड्यात संपणारा. मुलगा तीन महिन्यांत परतला; हमी 'दिली' असल्याने पैसे परत मिळाले नाहीत. नंतर त्याने घरीच सीसीएनएचा अभ्यास केला, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला, आणि आता एका रुग्णालयाचे जाळे सांभाळतो. कर्जाचे हप्ते अजून चालूच आहेत.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी क्लासमध्ये चार गोष्टी विचाराव्यात. परीक्षेचे शुल्क रकमेत धरले आहे का, आणि कोणत्या परीक्षेचे? प्रयोगशाळेत एका स्विचमागे किती मुले? शिकवणाऱ्याकडे स्वतःचे चालू प्रमाणपत्र आहे का? आणि गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? उत्तरे तोंडी घेऊ नयेत, लिहून घ्यावीत. मुलाखतीसही पालकांनी बरोबर जाऊ नये. तिथे बहुधा मुलाच्या हातात वायरीचा तुकडा आणि पक्कड देतात.