घरातला सोबती (भाग ६) : आळसातला नमस्कार

गेल्या आठवड्यात आपण नाकासमोर खाऊ धरून कुत्र्याला 'बस' शिकवलं. आज खाऊ दाखवायचा नाही, पाळत ठेवायची.

आमची भुरी गावठी. सकाळी दाराशी टाकलेल्या गोणपाटावरून उठली की आधी पुढचे पाय लांब पसरते, कोपरं जमिनीला टेकवते, मागचा भाग वर उचलते आणि मोठी जांभई देते. आळस देत असते बिचारी, पण बघणाऱ्याला वाटतं, वाकून नमस्कार करतेय. तुमचंही कुत्रं हे करत असणारच. जे ते रोज आपणहून करतं, तेच आपल्या शब्दावर करायला शिकवायचं.

खरी कसोटी वेळेची आहे. कोपरं टेकली त्याच क्षणी 'हां!' म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. मी सुरुवातीला डबा उघडेपर्यंत भुरी उठून कान खाजवायला लागायची आणि खाऊ तेव्हा मिळायचा. चार दिवसांनी मला बघितलं की ती कान खाजवू लागली! चूक तिची नव्हती. मी ज्याचं बक्षीस दिलं तेच ती शिकली. तेव्हापासून उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे उठल्याबरोबर वाटीत काढून हाताशी ठेवते.

तो 'हां!' वायफळ नाही. खाऊ तोंडात पडायला दोन-तीन सेकंद लागतात, आवाज मात्र नेमक्या क्षणी पोचतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये प्राणी कसे शिकवावेत यावर लेख लिहिला, त्यात टिकटिक वाजणारं साधं खेळणं याच कामासाठी सुचवलं होतं. आजचा क्लिकर त्याच कल्पनेवर चालतो. तो विकत आणायलाच हवा असं नाही. आधी पाच-सहा वेळा नुसतं 'हां!' म्हणून लगेच खाऊ द्या. आवाज आला की खाऊ येतो, हे कुत्र्याला कळतं.

शब्दाची घाई करू नका. आळस देऊन ते तुमच्याकडे आशेने बघायला लागलं, की समजा धागा जुळला. मग पाय पसरण्याच्या बेतात दिसलं की आधी 'नमस्कार' म्हणा. पुढे शब्द उच्चारल्यावर केलेल्या नमस्कारालाच खाऊ. एरवीचा आळस तसाच जाऊ द्या. काही कुत्री आठवड्यात शिकतात, काहींना महिना लागतो. दोन्ही ठीक.

घरात शब्द मात्र एकच हवा. आजी 'नमस्कार', नातू 'बो' आणि बाबा 'जयजय' म्हणाले, तर त्या जिवाने ऐकायचं कुणाचं? गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून चटई अंथरा. म्हाताऱ्या किंवा कंबर दुखणाऱ्या कुत्र्याला हा खेळ नकोच. चॉकलेट, मनुका, द्राक्षं आणि कांदा घातलेलं काहीही खाऊ म्हणून देऊ नका. ते त्याला विषासारखं आहे. खाऊ दिला तेवढं रात्रीचं जेवण कमी करा.

पुढच्या आठवड्यात गिरकी. तिला मोकळी जागा लागते, तेव्हा दिवाणखान्यातलं टीपॉय आधीच बाजूला सरकवून ठेवा.